तंबूतील मजुरी : बेसी स्मिथ आणि विठाबाई

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत कापसाचे भाव आणि नगरपालिकांचा कारभार या दोन विषयांच्या मध्ये माझे नाव आणि त्यापुढे 'दोन गायिका' असा विषय छापलेला पाहून काही साथींनी मला विचारले, "सर, अर्थशास्त्र सोडले की काय?" सोडलेले नाही. आज मी मजुरीबद्दलच बोलणार आहे. ती मजुरी गळ्याची आहे आणि पायांची आहे, एवढाच फरक. आपल्या चळवळीने ती आजवर मजुरी म्हणून मोजलेली नाही, अशी माझी तक्रार आहे, आणि त्या तक्रारीतून मी स्वतःला वगळत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी हातभार लावला होता. पुण्यात बसून फुल्यांनी ओळखले होते की, तिकडचा हबशी गुलाम आणि इकडचा शूद्रातिशूद्र यांच्या दुःखाचे मूळ एकाच जातीचे आहे. पुढे शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईतील दलित तरुणांनी आपल्या संघटनेला 'पँथर' हे नाव घेतले तेही अमेरिकेतील काळ्या तरुणांकडूनच. तेव्हा टेनेसी प्रांतातील एका काळ्या गायिकेची गोष्ट धुळ्यात सांगण्यास मला कोणाची परवानगी घ्यावी लागेल असे वाटत नाही.

बेसी स्मिथ यांचा जन्म चॅटनूगा या गावी, बहुतेकांच्या मते १८९४ साली झाला. लहानपणीच आईबाप गेले. भाऊ गिटार वाजवी आणि ही मुलगी रस्त्याच्या कोपऱ्यावर गाऊन नाचून पैसे गोळा करी. १९१२ साली त्या एका फिरत्या मंडळीत दाखल झाल्या, त्याही नर्तकी म्हणून. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात तेव्हा अशा मंडळ्या तंबू घेऊन गावोगाव हिंडत. पीक निघाले, मजुरांच्या हाती चार पैसे आले की तंबू उभा राही. आपल्याकडे कापूस निघाल्यावर आणि यात्रा सुरू झाल्यावर फड कसे उतरतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

त्या जे गात त्याला ब्लूज म्हणतात. इंग्रजीत निळा हा रंग उदासपणाचा मानतात, त्यावरून हे नाव. रचना अगदी साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडलेली असते आणि त्या जागेत वाद्य बोलते. १९२५ साली बेसी स्मिथ यांच्या काही गाण्यांत लुई आर्मस्ट्राँग यांनी कॉर्नेट वाजवून ही उत्तरे दिली आहेत. ती ऐकताना मला आपल्या फडातील झीलकऱ्यांची आठवण होते. मुख्य गायिकेने ओळ सोडली की झीलकरी ती उचलून धरतात, आणि तेवढ्यात ती श्वास घेते.

संगीताचा मी जाणकार नाही. तरी एक गोष्ट कानाला कळते. ब्लूजमधला गांधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो ओढून धरलेला असतो. पियानोवर तो सापडत नाही, कारण त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पट्टीच नाही. बेसी स्मिथ हातात चार-पाच सूर घेत आणि तेवढ्यावर सारे गाणे पेलत. एखादा महत्त्वाचा शब्द आला की सूर वाकवून त्यावर भार देत. आवाज असा की ध्वनिवर्धकाशिवाय तंबूच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावा. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका तर मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या आहेत. कर्ण्यासमोर उभे राहून गायलेल्या. त्या खरखरीतूनही शब्द न् शब्द कळतो. गाण्यांचे विषय म्हणाल तर पूर, भाडे, तुरुंग, दारू, मारझोड करणारा नवरा आणि त्याला सोडून जाणारी बायको. यातील कितीतरी गाणी त्यांनी स्वतः रचलेली आहेत. अँजेला डेव्हिस या मार्क्सवादी विदुषीने १९९८ साली या गायिकांवर एक पुस्तक लिहिले. गुलामगिरी गेल्यावर कामकरी काळ्या स्त्रीने आपल्या देहावर आणि आपल्या येण्याजाण्यावर जो हक्क सांगितला, तो प्रथम या गाण्यांतून सांगितला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मला ते पटते.

आता हिशेब पाहू. १९२३ साली कोलंबिया कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. पहिल्या सहा महिन्यांत तिच्या सुमारे ७ लाख ८० हजार प्रती खपल्याचे सांगतात. तबकडीची किंमत पाऊण डॉलर. म्हणजे गिऱ्हाइकांच्या खिशातून सुमारे ५ लाख ८५ हजार डॉलर बाहेर पडले. गायिकेशी ठरलेला दर तबकडीच्या एका बाजूला १२५ डॉलरच्या आसपास होता आणि तो एकदाच मिळायचा. खपावर वाटा नाही. दोन्ही बाजूंचे मिळून २५० डॉलर धरले, तर शंभर डॉलरच्या विक्रीमागे ज्या गळ्यावर हा व्यापार चालला त्या गळ्याला साडेचार सेंटही येत नाहीत. दुकानदार, वाहतूक, कारखाना यांचा खर्च वजा करा, हवा तितका वजा करा. तरीही वरकड कोणाकडे गेली हे सांगायला मार्क्स उघडावा लागत नाही. काळ्या कलावंतांच्या या तबकड्या कंपन्या वेगळ्या यादीत, 'रेस रेकॉर्ड' अशा नावाने विकत. वंश हाच मालाचा शिक्का होता.

तथापि एकांगी बोलू नये. प्रयोगांतून बेसी स्मिथ यांनी भरपूर मिळवले. त्यांच्या काळातील काळ्या कलावंतांत सर्वाधिक मोबदला घेणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९२५ साली त्यांनी स्वतःचा रेल्वेचा डबा घेतला. हे ऐश्वर्य म्हणून सांगितले जाते. पण दक्षिणेत काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे, हे त्यासोबत सांगितले पाहिजे. तो डबा म्हणजे सबंध मंडळीची झोपण्याची जागा होती.

पुढे रेडिओ आला, बोलपट आला, १९२९ ची मंदी आली. १९३७ च्या सप्टेंबरात मिसिसिपीमध्ये मोटार अपघातात त्या गेल्या. गोऱ्यांच्या इस्पितळाने दाखल करून घेतले नाही म्हणून त्या मेल्या, अशी हकीकत जगभर पसरली. एडवर्ड अल्बी यांनी त्यावर नाटकही लिहिले. ती हकीकत खरी नव्हती. त्यांना थेट काळ्यांच्या इस्पितळातच नेले होते. आपल्या कार्यकर्त्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण अन्यायाच्या बाजूने आलेली कहाणी तपासून न पाहण्याची सवय आपल्यालाही आहे. एकाच लहानशा गावात रंगानुसार दोन इस्पितळे होती, एवढे सत्य पुरेसे भयंकर आहे. त्यात भर घालण्याची गरज नव्हती. अंत्ययात्रेला हजारो लोक होते आणि थडग्यावर मात्र तेहतीस वर्षे दगड नव्हता. तो १९७० साली दोन स्त्रियांनी पैसे घालून बसवला. एक गायिका जॅनिस जॉप्लिन. दुसऱ्या जुआनिटा ग्रीन, ज्यांनी लहानपणी बेसी स्मिथ यांच्या घरी फरशा पुसण्याचे काम केले होते.

आता समुद्र ओलांडून आपल्या मुलखात येऊ.

विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. नावही त्यावरूनच पडले. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील व चुलत्यांनी तो गाजवला. फडाचे नाव 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. या नावाकडे जरा नीट पाहा. तंबूच्या दारावरच्या फलकावर, यात्रेतल्या जाहिरातीवर, गाडीवर, सगळीकडे जात लिहिलेली. अमेरिकेत कंपनीने वंशाचा शिक्का मारला. आमच्याकडे कलावंताला स्वतःच आपल्या हाताने तो लिहावा लागला, कारण जातीवाचून फडाची ओळखच गावाला पटत नसे. विठाबाईंनी पुढे स्वतःचा फड काढला तेव्हाही ही परंपरा त्यांनी सोडली नाही. मला वाटते, त्यात एक ताठाही होता. आम्ही कोण ते आधी वाचा आणि मग तिकीट काढा, असा.

त्यांची कला ढोलकी फडातली. ज्यांनी केवळ चित्रपटातील लावणी ऐकली आहे त्यांच्यासाठी सांगतो: संगीत बारीत मुख्यतः लावणी असते, तर ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी रात्र सरेपर्यंत चालणारा वग. त्यात मुख्य स्त्रीला गावे लागते, नाचावे लागते, गवळणीत मावशीच्या कोटीला उत्तर द्यावे लागते आणि पहाटे वगात राणी होऊन रडावेही लागते. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या कल्लोळावरून आवाज काढायचा तर तो पोटातूनच काढावा लागतो. विठाबाईंचा आवाज असा होता. त्यात घासून गुळगुळीत केलेली गोडी नव्हती. शब्द फेकून तो अचूक जागी पडतो की नाही हे पाहणारी नजर होती.

बेसी स्मिथ आणि विठाबाई यांच्यात इथे एक मोठा फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ब्लूज गाणाऱ्या स्त्रीला स्वतःचे शब्द होते. लावणी स्त्रीच्या तोंडी असली तरी ती बहुतेक पुरुष शाहिरांनी रचलेली, आणि समोर बसलेल्या पुरुषाला काय आवडेल ते डोळ्यांपुढे ठेवून रचलेली. तेव्हा गायिकेने आपले म्हणणे मांडायचे कोठे? तर अदेत, थांबण्यात, एखादी ओळ दुसऱ्यांदा म्हणताना तिचा रोख बदलण्यात. पहिल्यांदा जी ओळ आर्जव वाटते, तीच दुसऱ्यांदा टोमणा होते. शेले-पागोटे उडवणाऱ्यांना ते कळे की नाही, कोण जाणे. मागे बसलेल्या हमाल-शेतमजुरांना कळे. आपल्या बहिणाबाईंनी जात्यावर बसून स्वतःची रचना केली; सोपानदेवांनी ती टिपून ठेवली म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्राला मिळाली. फडातल्या बाईला जातेही नव्हते आणि टिपणारा सोपानही नव्हता.

विठाबाईंना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. या दोन तारखांच्या मध्ये आणि नंतरही पैशाची ओढाताण संपली नाही. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा इस्पितळाचे देणे भागवण्यासाठी लोकांना वर्गणी काढावी लागली, असे प्रसिद्ध झाले होते. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. योगिराज बागूल यांनी 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' हे चरित्र लिहिले आहे. कार्यकर्त्यांनी ते अवश्य वाचावे.

त्यांच्याविषयी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर नाचत होत्या. वेणा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवला. सभांतून हा प्रसंग कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात आणि टाळ्या पडतात. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. आज मला त्या टाळ्यांची लाज वाटते. नववा महिना पूर्ण झालेली बाई त्या रात्री फळ्यांवर उभी का होती, हा प्रश्न आपल्यापैकी कोणीच विचारला नाही. मुंबई प्रांतात गिरणीतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली कौन्सिलात बोलले होते. १९६१ साली केंद्राचा कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा हा हक्क झाला आणि तंबूतल्या बाईची रजा नसणे ही निष्ठा ठरली. हा फरक कायद्याने केला हे खरे, पण त्या कायद्यांसाठी मोर्चे काढणाऱ्यांनीही तो केला.

येथे आपल्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. तमाशाचे रूप आपण उचलले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गण-गवळण-बतावणी घेऊन गावोगाव समतेचा प्रचार केला. पु. ल. देशपांड्यांनी कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिले, वसंत बापटांनी पदे लिहिली, निळू फुले आणि राम नगरकर तेथूनच पुढे आले. कम्युनिस्ट साथींचे लाल बावटा पथक होते; अण्णा भाऊ साठे तर मूळचे त्याच परंपरेतले, आणि तेही १९६९ साली हलाखीतच गेले. या सर्व कामाचे मोल मी कमी करत नाही. पण आमच्या घरचे उदाहरण सांगतो. वडील समाजवादी, खादीधारी. आम्हां मुलांना कलापथकाच्या कार्यक्रमाला जायला परवानगी होती. तमाशाला जायला नव्हती. सारंगखेड्याच्या यात्रेत मी तंबूच्या कनातीखालून आत शिरलो तो घरी न सांगता. आत जे दिसले ते कलापथकात पाहिलेलेच होते. ढोलकी तीच, मावशी तीच, चाली त्याच. फक्त येथे नाचणारी बाई खेळ संपल्यावर कनातीमागे चुलीवर भाकरी थापत होती आणि तिच्या मांडीवर पोर होते. रूप आपण घेतले, 'लोकनाट्य' असे सोज्वळ नाव दिले आणि ज्यांचे ते होते त्यांना कनातीमागेच ठेवले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, चौकशी समिती नेमली, वग तपासून घेण्याची पद्धत पाडली. तेव्हा अश्लीलतेची चर्चा पुष्कळ झाली. मजुरीची झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

ती मजुरी कशी चालते ते थोडक्यात सांगतो. मोठा फड म्हणजे शंभर-सव्वाशे माणसे, मालमोटारी, जनरेटर, तंबू. हंगाम दसऱ्यापासून साधारण अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे आपल्या आखाजीपर्यंत. कलावंत हंगामापूर्वी फडमालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्या फडाला बांधलेला राहतो. आपल्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. फरक इतकाच की मुकादमाच्या मागे साखर कारखाना असतो आणि फडमालकाच्या मागे सावकार. मालकही बहुधा त्याच जातीचा, पुष्कळदा त्याच घरातला आणि स्वतः कर्जात. एक पावसाळी रात्र आली, गल्ला बुडाला, की दोघेही बुडतात. २०२० साली तर टाळेबंदीचा पहिला दिवस आणि गुढीपाडवा एकच निघाला, २५ मार्च. त्याच दिवसांत नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पंच सुपारी द्यायला येत असतात. ते आले नाहीत. चैत्र-वैशाखाच्या यात्रा दोन वर्षे भरल्या नाहीत. त्या दोन वर्षांत कित्येक कलावंत शेतमजुरीला, विटभट्टीला गेले. उचल मात्र अंगावर तशीच राहिली.

म्हणून फडमालकाविरुद्ध संप करा असे सांगायला मी आलेलो नाही. तो संप दोन भुकेल्यांमधला होईल. माझी सूचना निराळी आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याची रचना आठवा. हमालाला एक कायमचा मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर. म्हणून कायद्याने मंडळ स्थापले. काम देणारा मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह, उपदान, औषधोपचार चालतो. अण्णासाहेब पाटलांनी हमालांच्या बळावर ते मिळवले. तमाशात काम देणारा कोण? सुपारी देणारी यात्रा समिती आणि तिकीट काढणारा प्रेक्षक. सुपारीवर आणि तिकिटावर लेव्ही बसवून, कलावंतांची नोंदणी करून असे मंडळ का होऊ नये? पुरस्कार एखाद्याला मिळतो, वृद्ध कलावंतांचे मानधन समितीच्या मेहरबानीवर असते. मंडळाचा लाभ हिशेबाने मिळेल. २००८ चा असंघटित कामगारांचा कायदा झाला तेव्हा हा विषय पुढे आणण्याची संधी होती. आपण तेव्हा इतर कामात होतो.

अडचणी मला दिसतात. संगीत बारीचे गणित वेगळे आहे, आणि हिंडणाऱ्या माणसांची नोंद एका जिल्ह्यात करून भागत नाही. फडमालकांना विश्वासात घेतल्याखेरीज एक पाऊल पुढे पडणार नाही. आणि आमच्यापैकी काहींना अजूनही तंबूच्या दारात दिसण्याचा संकोच वाटतो, हीदेखील अडचणच धरा.

आणखी एक. आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. हस्तलिखितांचे कागद येथे जपून ठेवले आहेत. खानदेशी फडांतील अहिराणी बतावणी, जुन्या बायकांचे आवाज कोणी जपले? आता खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रण होते, त्याला कोलंबिया कंपनी लागत नाही. मात्र ज्या कलावंताचा आवाज घ्याल, त्याचे नाव, गाव आणि घेतल्याचा मोबदला कागदावर लिहा.

दत्तजयंतीला सारंगखेड्यात आणि चैत्रात एकवीरेच्या यात्रेत फड उतरतात. सारंगखेड्यापासून सुरुवात करू. पहिल्या खेपेला भाषण नको, पत्रक नको. दुपारी, खेळ नसताना जायचे, कलावंतांशी आणि मालकांशी बसायचे, उचलीची नोंद कशी होते ते पाहायचे. माझ्याबरोबर चार साथी हवेत. त्यांत दोन स्त्री कार्यकर्त्या असाव्यात, कारण बाळंतपणाच्या रजेचे मला कोणी सांगणार नाही. नावे वर्ग संपण्यापूर्वी माझ्याकडे द्यावीत.